आतली पहिली प्रत

दवाखान्यातली वीज जाऊन आली, पण नंबर दाखवणारा भिंतीवरचा बोर्ड काळाच राहिला. माझ्या शेजारचं म्हातारं जोडपं त्याकडे टक लावून बघत होतं.

“अहो, हा आपल्याच कारखान्यातला ना?”

“आपलाच. आधी मेमरी कार्डातली फाइल वाचेल, मगच उजळेल.”

“दोनदा वाजला! फाइल खराब झाली वाटतं.”

“मग आतल्या चिपमधली पहिली प्रत उचलेल. तू नि तुझ्या दादानं मिळून भरलेली.”

“केवढे भांडला होतात तुम्ही! म्हणे, जागा फुकट जाते.”

“भांडलो खरा, पण तो बधला नाही. ‘कार्ड आज आहे, उद्या नाही. यंत्राला आपल्या पायांवर उभं राहता आलं पाहिजे,’ म्हणाला.”

“आज असायला हवा होता हो.”

“बघ, बघ, अक्षरं आली!”

“‘या, बसा. घाई नाही.’ अगं बाई! ही ओळ कारखान्याच्या साहेबांनी काढायला लावली होती ना?”

“कार्डातून काढली. आतली कोण काढणार?”

“दारात कुणीही आलं, की दादा असंच म्हणायचा.”

“हं.”

“अहो, आत बोलावताहेत आपल्याला.”

“जाऊ गं. बोर्डावरची ती ओळ जाईपर्यंत बस.”