ऐकू देत

हप्त्यांवर मशीनं विकणाऱ्या, आता बुडालेल्या कंपनीच्या कचेरीत पैसे भरणाऱ्यांची आणि पैसे मागणाऱ्यांची रांग एकच होती. कंपनीकडे थकलेल्या बिलाचा फॉर्म घेऊन एक प्लंबर उभा होता. त्याच्या पुढच्या बाई वळल्या आणि त्याच्या मागच्या माणसाला बघून थबकल्याच.

"काय हो वसुलीवाले, तुम्ही इथं?"

"कंपनी बुडाली ना, बाई."

"मग मी का भरायचं? कंपनी मेली, धुण्याचं मशीन बंद पडलं, दुरुस्तीची हमी कंपनीबरोबरच गेली. हप्ता तेवढा जिवंत!"

"कंपनी बुडाली तरी कर्ज बुडत नाही. कोर्टानं माणूस नेमलाय, आता तो वसूल करतो."

"आणि तुम्ही त्याच्याकडे कामाला लागलात?"

"कसलं काय! मला काढलं. तीन महिन्यांचा पगार अडकलाय. तुम्ही लोकांनी हप्ते भरले, तर त्यातून आम्हाला मिळणार."

"म्हणजे माझ्या दारात येऊन बोंबललात, त्याची मजुरीही मीच द्यायची?"

"तसं नव्हे हो..."

"अहो, ऐका सगळे! यांना तीन महिने पगार नाही! घरी चूल कशी पेटते, विचारा जरा!"

प्लंबरनं फॉर्ममध्ये डोकं खुपसलं.

"बाई, हळू बोला ना. लोक ऐकतायत."

"हेच मी हात जोडून म्हणायचे तुम्हाला, शेजारीपाजारी बाहेर आले की. तेव्हा तुम्ही काय म्हणायचात? सांगा ना, काय म्हणायचात?"

रांग पुढं सरकली. वसुलीवाला जागचा हलला नाही.

"ऐकू देत," तो म्हणाला.