नाना थाई जेवले, तोंड न उघडता

नाही पण तुम्हीच सांगा, समोर भाताचा गिचका वाढलाय, डोळ्यांना दिसतोय, आणि माणसाने त्याला गिचका म्हणायचं नाही? तेही नानांनी? अहो, आमचे शेजारी नाना इंदूरच्या सियागंज बाजारात हिंग घ्यायला गेले तर दुकानदारालाच हिंग ओळखायला शिकवून येतात! कोपऱ्यावरचा पोहेवाला तीस वर्षं पोहे विकतोय, त्याला रोज सकाळी, 'भिया, झाकण जरा तिरपं ठेव, वाफ कोंडतेय!' आणि अशा माणसाला त्या दिवशी बायकोचा हुकूम काय? तर बोलायचं नाही!

कारणही तसंच होतं म्हणा. मुलगा, मानस, बंगलोरहून चार दिवस आलेला. सहा वर्षं झाली त्याला तिकडे. इथल्या एका कंपनीने त्याला बोलावलंय हे नानांच्या बायकोला, शारदाकाकूंना, त्याच्या मित्राकडून कळलेलं, पण पोरगा घरात अवाक्षर काढेना. नानांना तो परत यायला हवा होता हो, अगदी मनापासून हवा होता. आठ दिवस त्यांनी त्याला सांगायचं भाषण पाठ केलेलं... काकूंनी बजावलं, 'आधी जेवण होऊ दे. पोरगं खूश झालं की मग विषय काढा. तोवर कशाला नावं ठेवायची नाहीत, कोणाला शिकवायचं नाही. थोडक्यात काय, बोलायचं नाही!'

आणि पोरगं खूश कुठे होणार? तर विजयनगरच्या थाई हॉटेलात! आता इंदुरात खायला काय कमी आहे? पण नाही! वेटर आला, अदबीने वाकला, 'सर, प्युअर व्हेज है. फिश सॉस की जगह सोया डालते हैं. बोलो तो जैन भी बना देंगे.' नानांच्या अगदी ओठांवर आलं, मग यात थाई उरलं काय, ताटल्या? तेवढ्यात काकूंनी टेबलाखाली पायावर पाय दिला. बोलायचं नाही!

आधी आली कच्ची पपई. चिरलेली म्हणू की किसलेली, कोणालाच ठरवता आलं नव्हतं. वर दाणे, तेही कूट नाही, अख्खे! फोडणी? नाव नाही! मानस विचारतो, 'नाना, कसं वाटलं?' आणि नाना म्हणतात, 'छान.' छान! पस्तीस वर्षांच्या संसारात काकूंनी हा शब्द जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा ऐकला, आणि तोही दुसऱ्याच्या स्वयंपाकाला.

मग तो गिचका भात, आणि त्याच्यासोबत हिरवी करी. नारळाच्या दुधात टोफू पोहतोय, वांगी निम्मी कच्ची, आणि मधूनमधून ह्या एवढाल्या काड्या... कसल्या? गवती चहाच्या! अहो, गवती चहा नानांच्या मोरीच्या पाण्यावर वाढतो. तो उकळायचा, गाळायचा आणि फेकायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण इथे तो ताटात आलेला! बाजूला काढावा तर पोराला वाटणार, आवडलं नाही. वेटरला विचारावं, तर बोलायचं नाही! शिवाय पानात टाकायची पद्धत नानांच्या घरात आजोबांपासून नाही. भेंडीचं देठ टाकलं म्हणून मानस लहानपणी तासतासभर पानावर बसलेला आहे! मग काय, उचलली काडी, घातली तोंडात. चावताहेत... चावताहेत... तिची झाली सुतळी! गिळता येईना, थुंकता येईना. त्यात मिरची घशाला लागली, डोळे भरून आले.

आणि नेमकं तेव्हा, तुम्हाला सांगतो, नेमकं तेव्हाच मानसने चमचा खाली ठेवला. 'नाना, मला इथे इंदूरची ऑफर आहे. महिना झाला. बोललो नाही, कारण... यार नाना, तुम्ही मला दाढी कशी करायची ते पण शिकवता, बाथरूमच्या बाहेर उभं राहून! म्हटलं, रोज हे झेपणार का आपल्याला? पण आज पाऊण तास बघतोय, तुम्ही कोणाला काही म्हणजे काही शिकवलं नाही. असेच राहणार असाल, तर पक्का येतो मी.'

घ्या! आठ दिवसांचं भाषण तयार. नानांना सांगायचंय, अरे, घर खायला उठतं रे, शर्ती कसल्या घालतोस, ये ना बाबा... आणि तोंडात सुतळी! बिचाऱ्यांनी नुसती मान हलवली. जोरजोरात! डोळ्यांतून घळाघळा पाणी. मानसने उठून मिठीच मारली, 'अरे नाना, रडताय काय!' ते बघून काकूंनी पदर डोळ्यांना लावला. वेटर घाबरून धावत आला, 'सर, स्पाइस कम कर दूँ क्या?'

तर मानस आला. दोन महिने झाले, सगळा बोरिया-बिस्तर घेऊन आला. काकूंचं वजन वाढलं, घरात गडबड वाढली, नाना खूश आहेत, अगदी खरंच खूश आहेत. रविवारी पोरगा स्वतः साबुदाण्याची खिचडी करतो. साबुदाणा किती वेळ भिजवतो? वीस मिनिटं! नाना दारात उभे राहून बघतात, हाताची घडी घालून.

परवा त्यांनी मला जिन्यात गाठलं. माझ्या हातात दुधाची पिशवी. पाऊण तास उभं केलं हो! साबुदाणा कसा भिजवायचा, दूध कसं तापवायचं, मी जिना कसा चुकीचा चढतो... दूध नासायची वेळ आली. शेवटी हात जोडले, 'नाना, अहो हे सगळं घरी जाऊन बोला ना!'

नानांनी वर आपल्या दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, 'घरी? घरी पोरगा आहे ना, भिया!'