सासूबाईंनी मागितलेला मेंदूचा फोटो

...आळशी! तुम्हाला सांगते, अकरा वर्षं मी हा एकच शब्द ऐकला. डिप्रेशन आलं की मला अंथरुणातून उठवतच नसे, तीनदा आलं, आणि तिन्ही वेळा आमच्या सासूबाई उशाशी बसून एकच मंत्र, "सूनबाई, मन घट्ट कर." अहो, मन म्हणजे काय किमचीच्या बरणीचं झाकण आहे, पिळलं की घट्ट? आमच्या कोरियातल्या आन्दोंगमध्ये ताप आला तर शेजारीपाजारी सूप आणून देतात, आणि मन आजारी पडलं की... मन घट्ट कर!

चौथ्यांदा आलं, औषधांनी उतरलं, तेव्हा ग्वाक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वारंवार डिप्रेशन येणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास चाललाय, फोटो काढू द्याल का? म्हटलं, काढा की! त्या एमआरआयच्या ठकठकणाऱ्या बोगद्यात चाळीस मिनिटं पडून राहायचं होतं... पडून राहण्यात माझा हात कोण धरणार? मग बाईंनी फोटोत दाखवलं, हा आठवणी सांभाळणारा भाग, आजार पुन्हापुन्हा आलेल्यांत तो सरासरीनं जरा लहान भरतो. पण एकट्यादुकट्याच्या फोटोवरून काही ठरवायचं नाही हं. हे शेवटचं वाक्य मी दवाखान्यातच ठेवून आले, फोटो तेवढा मागून घरी आणला.

छुसॉकचा सण. पितरांचं ताट मांडलेलं, जावा माशाचे काप तळतायत, मी दमून जरा टेकले, झालं! सासूबाई आल्याच, "हा-ग्योंग, मन घ..." मी फोटो पुढे केला. म्हटलं, आई, हे बघा, इथे लहान आहे, मी आळशी नाही.

सासूबाईंनी चष्मा चढवला, फोटो उजेडाकडे धरून निरखला. मग तो ताटाशेजारी ठेवला, गेलेल्या सासऱ्यांच्या नावाच्या पाटीपुढे डोकं टेकलं, आणि म्हणाल्या, "अहो, पोर खरंच आजारी होती. मी आळशी म्हणत राहिले. माझं चुकलं."

जिंकले हो मी! सगळ्या जावांदेखत, सगळ्या पितरांदेखत! ढसाढसा रडले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हटलं नाही, मन घट्ट कर.

आता मी ठणठणीत आहे. परवा नव्या वर्षाच्या सणाला हौसेनं कढईपाशी गेले, तर सासूबाईंनी हातातला झारा काढून घेतला. "पड जरा. मेंदू लहान आहे तुझा."

म्हटलं, आई, मी बरी आहे हो!

"कशावरून?" म्हणाल्या. "फोटो दाखव."

...आता बरेपणाचा फोटो कुठे काढून मिळतो, सांगा!