हाळबावी

(सोलापूर-अक्कलकोट रस्ता सोडून आत गेल्यावर, वळसंगच्या पलीकडचं एक पडीक रान. दुपारचे चार वाजून गेलेत. भूगोल शिकवण्यात सगळी हयात घालवून निवृत्त झालेले, पण अजूनही मुलांचा नकाशावाचनाचा वर्ग घेणारे वेणीमाधव सर बांधावर जुन्या नकाशाची झेरॉक्स धरून उभे आहेत. सातवीतली महेश्वरी काठी घेऊन रानाच्या मधोमध. बाकीच्या मुलांना उद्या, रविवारी, इथं आणायचंय. त्याआधी जागा हेरून ठेवलेली बरी, असा सरांचा विचार.)

महेश्वरी : ...आणि इथं पोकळ वाजतंय, सर.

सर : पोकळ? पुन्हा आपट बघू काठी.

महेश्वरी : ऐकलंत? धब्ब करतंय.

सर : शाब्बास! मग तीच. ओढ्याच्या वळणापासून सरळ उत्तरेला एक बारीकसा गोल, शेजारी नाव हाळबावी. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी रानोमाळ मोजत इथवर आला, त्यानं हा गोल काढला, आणि आज तू नेमकी त्याच्यावर उभी आहेस. आहे की नाही गंमत?

महेश्वरी : आहे की! पण सर, हौद कुठाय? तुम्ही म्हणला होता, हाळ म्हणजे गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद.

सर : तू पाण्याची बाटली ठेवलीस तो लांबट दगड काय आहे मग? हाळाचीच कड ती. हाळ सापडला की विहीर दोन पावलांवर.

महेश्वरी : पण विहीर दिसत नाही. सगळं सपाटच आहे.

सर : बुजवली असेल. आपट अजून एकदा. जोरात.

निंगव्वा : निंद्र! ए पोरी, निंद्र!

सर : कोण ते? काय म्हणताय बाई? कसली निद्रा?

महेश्वरी : "थांब" म्हणतायत, सर. कानडीत. हलू नको म्हणतायत.

निंगव्वा : काटी टाक खाली! आपटू नगं! हलू नगं तितनं! अवो मास्तर, लेकराला कुटं हुबं केलंय तुमी? तिच्या पायाखाली बावी हाय, बावी!

सर : माहीत आहे, बाई. जुनी विहीर. बुजवलेली.

निंगव्वा : कुनी बुजवली? म्या हितंच म्हातारी झाले की, शेजारच्या रानात! बुजवली न्हाय. झाकली हाय. वरनं लाकडं टाकली आन् माती लोटली. खाली तशीच हाय मोकळी.

सर : मोकळी?

महेश्वरी : सर...

सर : महेश्वरी, आहेस तिथंच उभी राहा.

महेश्वरी : सर, माती हलतेय. उजव्या पायाखाली... सर! सर!

सर : महेश्वरी!

महेश्वरी : पाय आत गेला! गुडघ्यापर्यंत गेला सर! खाली काहीच नाही. पाय लोंबतोय नुसता.

निंगव्वा : शिवशिवा! अवो तुमी कुटं निगाला? मागं फिरा! तुमचं वजन पडलं की दोगंबी जाशीला!

सर : सोडा मला! माझी पोर आहे ती!

निंगव्वा : मग तिला वाचवा. हितनं. तोंडानं.

महेश्वरी : सर, दगड पडतायत खाली. आवाज यायला वेळ लागतोय. तुम्ही शिकवलं होतं तसं मोजलं मी. एक झालं, दोन झालं, मग आला.

सर : मोजू नकोस.

महेश्वरी : दोन म्हणजे किती फूट, सर?

सर : ते... ते वर्गात शिकवीन. आता माझ्याकडे बघ. खाली नाही, माझ्याकडे. डावा पाय कशावर आहे?

महेश्वरी : काहीतरी कडक लागतंय. लाकूड असंल.

सर : छान. भार तिकडे टाक. उजवा पाय ओढू नकोस एकदम. श्वास घे. घेतलास?

महेश्वरी : घेतला. तुम्ही फोन करा ना कुणाला तरी.

सर : करतोय. रेंजच नाही इथं.

निंगव्वा : रेंज कुटली! वस्तीवर माणूसबी न्हाय आत्ता. समदी गेल्यात चिंचोळीच्या कंपनीत, न्हायतर ऊस तोडाया. आपुन दोगंच. थांबा, म्या कासरा आनते, झाडाला बांदलाय.

सर : बाई, आधी एक सांगा. ती लाकडं कशी टाकलीत? आठवतंय तुम्हाला?

निंगव्वा : आठवाया काय झालं! माज्या डोळ्यांदेखत टाकली. बाभळीची व्हती. आता वाळवी लागून गेली असत्याल निम्मी.

सर : हळू बोला! कोणत्या दिशेनं टाकली? ओढ्याकडून बांधाकडं?

निंगव्वा : न्हाय न्हाय. उगवतीकडनं मावळतीकडं. दोनी काठांवर टोकं टेकवल्याली.

सर : नक्की?

निंगव्वा : देवाची आण घिऊ का आता? पूर्वंला एक टोक, मावळतीला एक.

महेश्वरी : सर, मी तुमच्याकडे येते. दोन उड्यांत येते.

सर : नाही! महेश्वरी, माझ्याकडे यायचं नाही.

महेश्वरी : तुम्ही जवळ आहात की!

सर : मी उत्तरेला आहे, बाळा. माझ्याकडे यायचं तर लाकडं आडवी ओलांडावी लागतील, आणि मधल्या फटींत नुसती माती आहे. तुला तुझ्याच लाकडावरून जायचंय. पूर्व-पश्चिम. आता सांग, पश्चिम कुठं?

महेश्वरी : मला काही सुचत नाही सर. सगळं फिरतंय.

सर : नकाशा हातात घेतल्यावर पहिलं काय करतो आपण?

महेश्वरी : उत्तर लावून घेतो.

सर : आणि होकायंत्र नसलं तर?

महेश्वरी : सावली... सावली बघतो.

सर : मग बघ. तुझी सावली कुठं पडलीय?

महेश्वरी : उजवीकडे. लांब पडलीय.

सर : दुपार कललीय. म्हणजे सावली कुठली बाजू दाखवते?

महेश्वरी : पूर्व. मग पश्चिम डावीकडे. जिथं माझी बाटली आहे.

सर : बरोबर. किती लांब आहे बाटली?

महेश्वरी : तीन हात. चार असतील.

निंगव्वा : त्यो दगड पक्का हाय. काठाचा हाय त्यो. मास्तर, तुमी हितंच ऱ्हावा, बोलत ऱ्हावा तिच्याशी. म्या कासरा घिऊन लांबनं वळसा घालून जाते तितं. माजं वजन काय, वाळल्या काटकीवानी हाय.

सर : काठाचा? तो हाळाचा दगड नाही?

निंगव्वा : कसला हाळाचा दगड?

सर : गुरांना पाणी पाजायचा हौद. हाळ. म्हणून तर हाळबावी नाव.

निंगव्वा : अवो कुटला हौद! हाळ म्हंजी पडकी, मोडकी, ओसाड. कानडी हाय त्ये. पडकी बावी म्हनून हाळबावी! आमच्यात न्हानगं पोर बी सांगल तुमाला!

महेश्वरी : मी सांगितलं होतं, सर.

सर : ...होय. सांगितलं होतंस.

महेश्वरी : वर्गात. हात वर करून.

सर : आठवतंय मला. आता दगडाकडे बघ.

महेश्वरी : तुम्ही म्हणाला, नकाशात घरातल्या कानडीचे अर्थ धरायचे नाहीत. मग मला वाटलं माझंच चुकलं.

सर : तुझं नव्हतं चुकलं. ऐकतेस? तुझं बरोबर होतं. आता मी सांगतो तेवढं कर, मग वाटेल तेवढी भांड माझ्याशी. पाय सोडव. हळू. मुळं उपटताना करतो तसं, गोल फिरवत.

महेश्वरी : बूट अडकलाय.

सर : बूट जाऊ दे.

महेश्वरी : नवीन आहे सर. आई ओरडेल.

सर : आईला मी सांगेन. सोड तो बूट.

महेश्वरी : निघाला. पाय निघाला! बूट पडला. ...अजून आवाज नाही आला, सर.

सर : मोजू नकोस म्हटलं ना! आता आडवी हो. पोटावर. मघाशी मला "निंद्र" म्हणजे झोप वाटलं होतं, आता खरंच झोप. पालीसारखी, हातपाय पसरून. वजन एका जागी येऊ द्यायचं नाही.

महेश्वरी : झोपले. वास येतोय खालून. ओलसर, कुबट.

निंगव्वा : म्या आले काठावर. हे घे, कासरा टाकते. धर! ...र्‍हायला मागं. परत टाकते.

महेश्वरी : धरला.

निंगव्वा : कमरंला गुंडाळ आन् गाठ मार. शेरडाला मारतो तशी न्हवं, दोनदा मार.

सर : बांधलीस? आता सरक. आधी कोपर, मग गुडघा. एक हात झाला की थांबायचं.

महेश्वरी : सर, कडकड वाजलं.

सर : कुठं?

महेश्वरी : पोटाखाली.

सर : थांब. तशीच. ...काहीतरी बोल माझ्याशी. नकाशात देऊळ कसं दाखवतात?

महेश्वरी : सर, मी मरणार आहे का?

सर : नाही.

महेश्वरी : नक्की?

सर : मी... देऊळ कसं दाखवतात, महेश्वरी?

महेश्वरी : छोटं शिखर काढून. वर झेंडा.

सर : पाऊलवाट?

महेश्वरी : तुटक रेघ. बैलगाडीची वाट जाड.

सर : सरक आता. ओढा कोरडा असेल तर?

महेश्वरी : काळा. पाणी असेल तर निळा.

सर : सरक. अजून. किती राहिलं?

महेश्वरी : एक हात. सर, मागचं सगळं खाली गेलं! पायाखालचं गेलं!

निंगव्वा : कासरा धरून वड, पोरी, मागं बघू नगं! ये, ये, ये... हात दे! बोटं न्हाय, मनगट दे! हां... आलीस. आलीस माज्या लेकी. अशीच पड दगडावर. उटू नगं.

सर : बाई? बाई, आली का ती?

निंगव्वा : आली. तुमी रडू नगासा. वळसा घालून या, त्या निंबाकडनं. मदनं येऊ नगासा!

सर : आलो. आलो. महेश्वरी... दाखव. कुठं लागलंय?

महेश्वरी : खरचटलंय नुसतं. नकाशा चुरगळलाय तुमचा, सर.

सर : चुरगळू दे.

निंगव्वा : ह्या भोवतीनं बोराटीचं कुंपन व्हतं, म्याच घातलं व्हतं. दरसाली घालते. गेल्या हप्त्यात कुनीतरी जळनाला नेलं, मुडद्यानं. आज नवं घालाया आले तर ही पोर मदोमद हुबी. काळीज हाललं माजं.

सर : झाकली का होती ती, बाई?

निंगव्वा : आमची म्हैस पडली. म्या हिच्यायेवढी व्हते. धा परस, म्हंजी धा मानसं येकावर येक हुबी ऱ्हातील येवडी खोल, वर काढनार कशी? तीन दिस वरडत व्हती. रातीचं बी. आमी समदी कानात बोटं घालून पडायचो. तिसऱ्या दिवशी गप झाली. मग बा म्हनला, झाका ही हाळबावी.

महेश्वरी : आज्जी, हे गावात कुणाकुणाला माहीत आहे?

निंगव्वा : व्हती चार म्हातारी. गेली. रानाचा मालक पुन्याला, त्याला सोताचा बांद ठावा न्हाय. आता मलाच म्हाईत. म्हनून तर काटं घालते.

सर : आणि उद्या बावीस पोरं घेऊन मी इथं येणार होतो. हौद दाखवायला.

महेश्वरी : सर, नकाशात विहीर निळी असते ना? मग ही?

सर : मूळ नकाशात ही काळी आहे. कोरडी. घरी भिंगाखाली पाहिलीसुद्धा होती. पण तुम्हाला झेरॉक्स दिली, आणि झेरॉक्समध्ये सगळंच काळं. मला वाटलं, एवढ्यानं काय बिघडतं.

महेश्वरी : पेन आहे का तुमच्याकडे?

सर : पेन? नकाशावर पेन्सिलच वापरायची.

महेश्वरी : पेन्सिल खोडली जाते की.

सर : ...घे.

महेश्वरी : "हाळबावी, म्हणजे पडकी विहीर. झाकलेली आहे. जवळ जाऊ नये." आज्जी, तुमचं नाव कसं लिहू?

निंगव्वा : माजं कशाला?

महेश्वरी : कुणी सांगितलं ते लिहायचं असतं. हो ना सर?

सर : हो. आधीच लिहायला हवं होतं. बाई, या कागदावर ओढ्याकाठी अजून पाच नावं आहेत. मी त्यांचे अर्थ लावून मुलांना वहीत उतरवून दिलेत. तुम्हाला एकेक वाचून दाखवू का? काय काय आहे तिथं, ते तुम्ही सांगा.

निंगव्वा : वाचा की. पन आदी कूडरी.

सर : म्हणजे?

महेश्वरी : बसा म्हणतायत. मघापासून उभेच आहात, सर.

सर : बसतो. बाई... इथं बसू?

निंगव्वा : बसा. हितं खाली जमीन हाय.