गाडीचं दावं

आमचं मूळ म्हनान तर मोहगावकडचं. माह्या बापाले, आमी त्याले बुढाच म्हनत होतो, बैलाचा लय नाद. वावर जेमतेम, पन खुट्यावरची जोडी अशी, का पोळ्याले लोकं मुद्दाम आमच्या दारासमोर थांबून पाहत. घरात पोट्ट्यायले दूध नसलं तर चालन, बैलाले सरकीची ढेप पाह्यजे. अन् त्याचा एक नियम होता, तो पह्यले सांगून टाकतो, काऊन का पुढचं सारं त्याच्यावरच आहे. बैल विकला तरी दावं द्यायचं नाई. घेनाऱ्यानं आपलं दावं आनायचं, ते बैलाच्या गळ्यात बांधायचं, मंग आपलं सोडायचं अन् घरात खुटीले टांगून ठेवायचं. बैल जाते, बरकत घरात राह्यते. हे काही माह्या बापानं काढलेलं नाई भाऊ, आमच्याकडे कास्तकाराच्या घरी सारे असंच करतात. तुमी हसून राह्यले, हसा. मीही लहानपनी हसलो होतो, तं बुढ्यानं कानाखाली ठेवून देली होती.

माहा जीव काही बैलात रमला नाई. मले इंजिन पाह्यजे. मंग मी सौंसरले एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे डायवर लागलो. सेठची अम्बेसडर होती, जुनी, पह्यल्या पह्यल्यातली, गोल तोंडाची, दुधासारखा रंग, अन् हँडल मारून चालू होनारी. हँडल मंजे काय, तं लोखंडाचा वाकडा दांडा. गाडीच्या नाकात घालायचा, गरकन फिरवायचा, बॅटरी बसली असली तरी इंजिन घेतेच. आताच्या गाड्यायले ते भोकच नसते. पुढं सेठच्या पोरायनं नवी गाडी घेतली, अन् सेठ म्हने, नामदेव, तू हिले नवरीवानी सांभाळली, तूच ठेव, पगारातून कटू दे. कटू देलं. सेठनं देताना चाबी देली, जॅक देला, पाने देले, हँडल देलं, सारं देलं. त्याले दाव्याची रीत माहीत नव्हती, तो काही बैलवाला नव्हता. अन् पाहा, त्याचा धंदा नंतर बसलाच. तुमी म्हनान धंदा बसाले दुसरे कारन असतीन. असतीन.

गाडीनं आमाले जगवलं, हे मी कोनापुढंही सांगन. बोरगावची नवरी म्हना, मोहगावची म्हना, त्या सालांत सासरी गेली तं माह्या गाडीत बसून गेली. नागपूरच्या दवाखान्यात पेशंट नेले. माही बायको शेवटची नागपूरले नेली तीही ह्याच गाडीत, अन् आनलीही ह्याच गाडीत, मागच्या शीटवर, चादर टाकून. ते सोडा. मंग पोरगा गेला. साधा ताप म्हनत होते, साधा नव्हता. घरात राह्यलो मी, सून सुनंदा अन् नात प्रनाली. सून ब्लाउज शिवते, आताही शिवून राह्यली, ते मशीन ऐकू येते न तुमाले, तेच. मले डोयानं कमी दिसाले लागलं, लायसन पुन्हा काही झालं नाई, गाडी अंगनात उभी राह्यली. मी रोज पुसायचो. हँडल मारायचो, थोडी चालू ठेवायचो, बंद करायचो. शेजारचे म्हनत, म्हातारा चहा पेल्यावानी गाडी चालू करते.

आता पोट्टीचं ऐका. प्रनालीले नर्स व्हायचं होतं. लहानपनापासून नाई, उगीच खोटं कायले सांगू, लहानपनी तिले काहीच व्हायचं नव्हतं, झाडावर बसायचं होतं. पन तिचा बाप गेला न, तेव्हा वार्डात एक सिस्टर होती, ती रात्रभर त्याचं अंग पुसून राह्यली होती अन् पोट्टी दारातून पाहून राह्यली होती. तेव्हापासून डोक्यात बसलं. बारावीले चांगले मार्क पडले, नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. फी भराची होती. पोळा झाल्यावर चार-आठ दिवसांतच मुदत होती, नाई भरली तं शीट दुसऱ्याले. सून अंगनात झाडू मारता मारता गाडीपाशी थांबली. मी समजलो.

जुन्या गाड्यायले आता किंमत आली हे मले तवर माहीत नव्हतं. शौकीन लोकं घेतात म्हने, लग्नाले फोटोले, मिरवाले. पांढुर्ण्याले मंगेश म्हनून एक आहे, रोडवर त्याचा अहाता आहे, मंजे गाड्या उभ्या कराची कुंपनाची जागा, लोकायच्या गाड्या कमिशनवर विकून देते. माह्या मोहगावच्या भाच्यानं नंबर देला. मंगेश घरी आला, गाडीले चक्कर मारली, खाली वाकून पाह्यलं, आवाज आयकला अन् म्हने, काकाजी, हिचं सारं ओरिजनल आहे, ही मायाळू मानसाले विकू. मायाळू म्हनला, मले तो मानूस तितेच आवडला. पद्धत त्यानं सांगतली, गाडी नावावर तुमच्याच राहीन, उभी माह्या अहात्यात, गिऱ्हाईक मी आनतो, विकली का माहा कट काढून बाकी तुमाले. अन् आग लागली, पानी घुसलं, तं नुकसान मालकाचं. प्रनालीनं कागद मोठ्यानं वाचून दाखोला. मी म्हनलं, पानी कायले घुसते, अन् सही केली.

गाडी न्यायच्या दिवशी सुनंनं ओवाळलं. नारळ फोडला. मंगेशचा मानूस बसला गाडीत. अन् मी काय केलं भाऊ, आधीच सकाळी डिक्कीतून हँडल काढलं, पुसलं, तेलाचा हात मारला, अन् आतल्या खोलीत खुटीले टांगून देलं. जिथं बुढ्याची दावे टांगलेली आहेत त्याच खुटीले. मले त्याच्यात काही चूक वाटलंच नाई. जोडी विकली, दावं ठेवलं. मंगेशनं जाता जाता विचारलं, काकाजी, हँडल कुठं आहे हिचं. मी म्हनलं, नाई बा, कवाचंच हरवलं. म्हने हरकत नाई, सेलचं बटन आहे, बॅटरी आहे, चालते. प्रनाली तिथंच उभी होती. तिनं माह्याकडे पाह्यलं. पन आजोबाची लाज राखली.

मंगेश मानूस वाईट नव्हता, हे लिवा. फोन करायचा. नागपूरचा एक जन पाहून गेला, त्याले पसंत पडली, पोळा झाला का पैसे घेऊन येतो म्हने. इकडे पोट्टीनं नागपूरले न्यायची पेटी काढून पुसून ठेवली. मधात मंगेशचा पुन्हा फोन, काकाजी, उभी राहून राहून बॅटरी बसली, नवी आता कायले टाकू, गिऱ्हाईक आपली टाकीन, पन हँडल सापडते का पाहा न घरात. मी म्हनलं, पाह्यतो. पाह्यतो काय, समोरच टांगलं होतं. जेवताना दिसे, झोपताना दिसे. सून म्हने, बाबा, देऊन द्या न. मी तिच्यावर खेकसलो. म्हनलं, तुले काय समजते, गाडी गेली, आता हेही देऊ तं घरात राहीन काय? मी तिच्यावर असा आवाज चढवत नसतो एरवी.

मंग आला पोळा. आता घरी बैल नाईत, मातीची जोडी आनतो, पाटावर ठेवतो. त्या साली मी पाटावर हँडलही ठेवलं. हळद-कुंकू वाह्यलं, पुरनपोळीचा निवद दाखोला. बाहेर पानी असं का कौलावर कोनी गोटे टाकून राह्यलं. दोन दिसांपासून तसंच होतं. अन् फोन वाजला. मंगेश ओरडून राह्यला होता, मागून पान्याचा आवाज. म्हने, काकाजी, अहात्याच्या मागचा नाला चढून राह्यला, बाकीच्या गाड्या चालू करून वर रोडवर नेल्या, तुमची हलत नाई, बॅटरी मेली, आमी चौघं धकलून राह्यलो, चाकं चिखलात रुतली, चढ आहे, चढत नाई. नुसती इंजिनानं घेतली असती तं निघाली असती. एवढंच. हँडल सापडलं का, हे त्यानं विचारलंच नाई. त्याले वाटलं, हरवलं आहे.

मी पाटावरून हँडल उचललं. हळद-कुंकू तसंच त्याच्यावर. प्रनाली म्हने, आबाजी, बसा. तिच्या मामाची स्कुटी होती आमच्याकडे, तिच्यावर ती पुढं, मी मागं, हँडल मांडीवर, अन् पानी. सौंसरहून पांढुर्ना काही दूर नाई, पन त्या दिवशी सरेना. मधात एका नाल्यावरून पानी वाह्यत होतं, रोड बंद. इकडे लोकं उभे, तिकडे लोकं उभे, ट्रक उभे. मी म्हनलं, मी पायी जातो. एक जनानं माह्या दंडाले धरून ठेवलं, म्हने बुढ्या मराचं आहे का. मी त्याले शिव्या देल्या. मले रडू येऊन राह्यलं होतं, पान्यात कोनाले दिसते. पोट्टी मातर एका जागी उभी, हात स्कुटीवर, नाल्याकडे पाहून राह्यली. पानी उतरलं तं दिवस मावळाले आला होता.

अहात्यात पोचलो तेव्हा तिथं चिखलच चिखल. मागच्या बाजूची भिंत नाई. गाडी एका बाभळीले जाऊन आडवी पडलेली, टप दबलेला, काचा नाईत, आत गवत-काटक्या भरलेल्या, इंजिनात रेती. जिच्यावर मी माशी बसू देली नाई. मंगेश एका टायरावर बसून होता, पाय सोललेले, त्याचे अन् त्याच्या मानसाचे. त्यायनं खरंच जीव लावला होता. त्यानं मले पाह्यलं, मंग माह्या हातात पाह्यलं. अन् शांतपने म्हने, काकाजी, तुमच्याजवळच होतं?

ओरडला असता तं बरं झालं असतं. मले शिवी देली असती तं मीही देली असती. मी तसाच हँडल धरून उभा राह्यलो. त्याच्यावरचं कुंकू पान्यानं धुवून माह्या धोतरावर उतरलं होतं. प्रनालीनं चटकन माह्या हातातून ते घेतलं, स्कुटीच्या पुढं पायापाशी ठेवलं अन् म्हने, चला आबाजी, तुमी भिजले, ताप येईन.

नागपूरवाला आला नाई, कायले येईन. विमा होता तो समोरच्याच्या नुकसानीपुरता, कागदावर सही माहीच. पोट्टीची मुदत निघून गेली. दोघं-तिघं नातेवाईकायले तोंड वेंगाडून पाह्यलं, त्यायचंही खरं आहे, सोयाबीन-कपाशी पान्याखाली होती, कोन कोनाले देईन. पेटी पुन्हा माळ्यावर गेली. आता ती सौंसरच्याच एका दवाखान्यात चिठ्ठ्या फाडते, नाव काय, वय काय, बसा. कवा कवा डॉक्टर तिले पट्टी बांधाले बोलावते, त्या दिवशी घरी आली का हात धुताना गुनगुनते. मी आयकून घेतो, पाठ करून बसतो.

परवा-परवाची गोष्ट. ज्यानं गाडीचं लोखंड मंगेशकडून उचललं, सामानासाठी, त्याचा फोन आला अन् मंग तो स्वतःच आला. म्हने, बाबा, तुमच्याकडे हिचं हँडल आहे समजलं, असं ओरिजनल मिळत नाई, मले दुसऱ्या गाडीले पाह्यजे. मी उठलो. खुटीवरून काढलं. मनात म्हनलं, जाऊ दे, ज्या बरकतीसाठी ठेवलं ती तं दिसून राह्यली, हे तरी कायले ठेवू. देतच होतो भाऊ, हात पुढं केला होता. तेवढ्यात प्रनाली दवाखान्यातून आली, चप्पल दारात काढली, पाह्यलं. माह्या हातातून हँडल घेतलं अन् त्या मानसाले म्हनाली, नाई दादा, आमच्याकडे दावं देत नसतात. अन् परत खुटीले टांगून देलं. तो गेला. ती आत जाऊन पानी पेली.

ते ती रागानं म्हनाली का माह्यावरच्या मायेनं, हे मले अजून समजलं नाई. विचाराची हिंमत नाई होत. तिच्या आवाजात दोन्ही नव्हतं, दवाखान्यात नाव काय, वय काय विचारते न, तसा आवाज होता. अन् बुढ्याची रीत खोटी होती, असंही माह्या तोंडून निघत नाई, तुमी कितीही विचारा. ते पाहा, टांगलं आहे. गंज नाई चढू देत मी, तेल लावतो. तुमी चहा घ्या भाऊ, थंडा झाला. सून ओतीन दुसरा. तुमाले पोट्टी असन तं तिले जे व्हायचं ते होऊ द्या, देव तिचं भलं करो. अन् निघताना जरा थांबा, येईनच आता प्रनाली, तिची सुटी झाली असन. तिच्यापुढं मातर हे काही वाचू नका.