पाचवं पान

थर? कसले थर, अरुंधतीबाई? थर मिठाला असतात. माझं माहेर उरणकडचं, बापसाची मिठागरं होती, थर म्हणजे काय ते मी पायांनी शिकले — पाणी उडून गेलं की खाली राहतो तो थर. तुमच्या त्या जपानी कार्टूनात सगळं पाणीच हाय, खाली चिमूटभर मीठ नाय. आणि तुमी मला सांगता ते मोठ्या माणसांसाठी हाय, खोल हाय, त्याला कार्टून नाय म्हणायचं, ॲनिमे म्हणायचं. म्हणा. नाव बदललं म्हणून बोंबलाचं पापलेट होत नाय.

आणि मी काय तुमच्याशी वाद घालायला आले नाय. मी माझ्या नातीला न्यायला आले. परवा दुपारपासून दिपिका तुमच्या लेकीच्या, आभाच्या खोलीत बसलीय दार लावून — मी डबा धाडला तो भरलेला परत आला, बापूस फोन करतो तर ती उचलत नाय, आणि मी सत्तरीची बाई गुडघे धरत दोन माळे चढून लोकाच्या हॉलात बसलेय आपल्याच पोरीसाठी. तुमचा हा सोफा हाय ना, याच्या बरोबर खाली, ही बिल्डिंग उठायच्या आधी, आमचं भात होतं. आख्ख्या विचुंबे गावात त्याच्याएवढं लोंबीचं भात कोणाचं नव्हतं. ते जाऊ दे. तुमी म्हणता तिला थोडा वेळ द्या — देते, बसते. पण त्या मालिकेची बाजू घेऊ नका, कारण माझं घर तिनं मोडलंय.

काय बघता? म्हातारी अंगठेबहाद्दर, हिला काय कळलं असेल? कळलं. अकराच्या अकरा भाग बघितलेत, दिपिकेच्या मांडीला मांडी लावून. ते हिंदीत बोलायचे, ती मला आपल्या भाषेत सांगायची. आणि एकदा ऐकलं की माझ्यातून जात नाय. मी चाळीस वर्षं धवलारीण हाय, बाई — आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवला गाणारी बाई लागते, मांडव पडल्यापासून नवरी निघेपर्यंत एकेका कामाचं एकेक गाणं, देवांना आवतण, पितरांना आवतण, आणि कागद बिगद काय नाय, सगळं इथं, डोक्यात. रात उलटते पण गाणं संपत नाय. तर मला तुमी थर शिकवू नका.

ती मालिका काय हाय, मी सांगते, तुमी चूक काढा. एक माणूस, बारकुडा, चष्मेवाला, घरी बसून गोष्टी लिहितो आणि डब्यातल्या शेवया खातो. त्याच्या गोष्टीत एक पोर हाय निळ्या केसांची, ढगांवर लढाई करते. एक दिवस ती गोष्टीतून निसटते ती थेट त्याच्या गावात पडते. मग दुसऱ्यांच्या गोष्टींतले पण येतात, एक ढालवाला, एक बोलका कोल्हा, एक जुनाट म्हातारी. आणि सगळ्यांना कळतं, आपण कोणाच्या तरी डोक्यातून निघालोय. बरोबर? इथवर मी पण म्हटलं, चला, काहीतरी सांगतोय.

पण मग काय करतात? बोलतात. दर दहा मिनिटांनी कोणीतरी उभा राहतो आणि म्हणतो, अरे, आपण गोष्टीत हाव. अरे, हे तर आधीच लिहिलेलं हाय. अगो माझे बाय, एकदा सांगितलं, कळलं. मांडवातला नवरा दर कडव्याला म्हणेल का, बघा हां, मी गाण्यातला नवरा हाय? त्याची हळद उतरेल तेवढ्याने. तोंडं हलत नाय, डोळे हलत नाय, मागचं आभाळ तेवढं सरकतं, आणि हे आपले बोलतात. सात जण अकरा भाग फिरतात, एकाला भूक नाय. जेवतो कोण, तर एकटा तो लिहिणारा. लढाई सुरू झाली की ढालवाला थांबून स्वतःच्या लहानपणाची गोष्ट सांगतो, आणि समोरचा तलवार उगारून ऐकत उभा. आमच्या गावात काशिराम भाऊबंदकीच्या मारामारीत उतरला होता, त्याला दांडका बसायच्या आधी नाव सांगायला पण वेळ मिळाला नाय.

आणि तो सांगणारा — सगळ्यात जास्त राग मला त्याचा. गोष्ट सांगणाऱ्याने गोष्टीत येऊन बसायचं कशाला? मी चाळीस वर्षं गायले, मला कोणी मांडवात बघायचं नाय, मी बाजूला बसते, लोक नवरीला बघतात. हा मेला सातव्या भागात दार उघडतो, ती निळ्या केसांची पायरीवर बसलेली, ती विचारते, तू माझं असं का केलंस — आणि हा रडतो. म्हणतो मी एकटा होतो, मला कोणी नव्हतं. सांगणारा रडला की गोष्ट मेली. ज्याला आपल्याच माणसाला जाब द्यावा लागतो तो कसला सांगणारा? दम नाय त्याच्यात. आणि तुमी त्याच भागाला रडलात, दिपिका सांगत होती. रडा, तुमचे डोळे हायत.

चांगलं काय? विचारताय तर सांगते, मी काय आंधळी नाय. पाचव्या भागात भाताचं शेत दाखवलंय. लावणी झालेली, पाणी उभं, बांध एका कोपऱ्यात खचलेला आणि तिथून पाणी खालच्या खाचरात जातंय. तो खचलेला बांध कोणी शिकवून येत नाय, बाई. ज्याने काढला तो बांधावर चाललाय कधीतरी. मी दिपिकेला म्हटलं, मागे ने, परत बघू. तीनदा बघितलं. आणि दुसरी ती म्हातारी. तिला कोणी लिहिलीच नाय, गावोगावच्या बायांनी सांगितली. तिला विचारतात, तुझा मालक कोण, तर म्हणते — एका गावात मी वाघाला खाते, दुसऱ्या गावात वाघ मला खातो, मी दोनी गावांत जेवून येते. हे बरं होतं. हे मी पण म्हटलं असतं. दोन भागांत तिला संपवली त्यांनी. चांगलं माणूस टिकत नाय त्यांच्याकडे.

आणि आयस. निळ्या केसांच्या पोरीची आयस. पहिल्याच भागात, गाणं संपायच्या आत — तिची आयस तापाने मेली. झालं. एक ओळ. का मारली? मी सांगते का मारली. आयसला जिवंत ठेवायची म्हणजे तिला बोलायला द्यावं लागतं, पोरीला तिच्याकडे जायचं असतं, गोष्टीत रोज तिची जागा काढावी लागते. ज्याला ते निभत नाय तो मारून मोकळा होतो. आळशी माणसाचं काम. भेकड माणसाचं. मेलेली आयस बरी, पोर वर्षभर विचारतं आणि मग गप होतं — जिवंत आयसचं पोर रोज विचारतं.

हां. तुमच्या लक्षात आलं वाटतं. शिकलेल्या तुमी.

मग आठवा भाग. तुमी त्याला काय म्हणता, कळस. त्या पोरीला कळतं — आयस मेली म्हणतात, गावाबाहेर तिची समाधी हाय म्हणतात, पण आठ भागांत तिथं कोणी गेलं नाय. कोणी फूल ठेवलं नाय, कोणी ऊद लावला नाय. का, तर लिहिणाऱ्याने फक्त ओळ लिहिली, समाधी बांधलीच नाय. म्हणजे आयस मेलीच नाय. खोटं बोलणारा तिथंच सापडतो, जिथं त्याने हात लावला नाय. अकरा भागांत एवढं एकच खरं बोलला तो शेवयावाला, आणि नेमकं तेच त्याने माझ्या पोरीसमोर बोलायचं.

ती तवा काय बोलली नाय. दोन आठवडे गप. परवा आमची पितरं होती. तुमच्याकडे पण करतात, पण आमच्यात घरातल्या एकेका मेलेल्या माणसाच्या नावाचं पान वाढतात, नाव घेऊन, मग गच्चीवर नेऊन ठेवायचं कावळ्याला. आमची चार पानं — सासरा, सासू, चुलत सासरा काळूराम, आणि आमचे हे, महादेव. दिपिका सात वर्षांची असल्यापासून पानं तीच गच्चीवर नेते. या वर्षी चारी पानं वाढून झाली, भात, वरण, वडे, खीर, आणि ती तिथंच उभी. म्हणते, आजी, आईचं कुठंय?

मी म्हटलं, काय?

म्हणते, तू सांगतेस मी दोन वर्षांची असताना आई काविळीने गेली. मग आईचं पान कुठंय? दहा वर्षं मी पानं नेतेय, चारच असतात. पाचवं कधीच नव्हतं.

मी, अरुंधतीबाई, चाळीस वर्षं गायले, एका श्वासात सत्तर नावं घेते पितरांची, मला कधी शब्द अडला नाय. तिथं अडला. मला म्हणता आलं असतं, माहेरचे वाढतात. म्हणता आलं असतं, अशी तरुण गेलेली बाई, तिचं वेगळं असतं. दहा गोष्टी होत्या जिभेवर. पोरीने पानं तशीच खाली ठेवली आणि वर तुमच्याकडे आली. कावळे वाट बघत राहिले.

नाय वाढलं मी. कसं वाढू? जित्या बाईच्या नावाचं पान वाढायचं? तोंडाने मारता येतं माणसाला. हाताने नाय मारता येत. दरवर्षी मनात यायचं, एक वाढून टाकावं, पोरीचा संशय नको, आणि दरवर्षी पाचवं पान मांडायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे. रंजिताला उचकी लागली असती तिथं, आयुष्य तुटलं असतं तिचं.

रंजिता. ओवे गावची. माझी सून.

वाईट नव्हती. काम करायला चपळ, तोंडाने फटकळ — माझ्यासारखीच, म्हणून पटलं नाय. माझा निकेश तवा प्यायचा, आता नाय पीत, तवा पीत होता, एक दिवस त्याने तिच्यावर हात टाकला. ती म्हणाली, मी निघाले, आणि पोरीला घेऊन निघाले. मी दारात उभी राहिले. म्हटलं, तुला जायचं तर जा, पोर आमच्या घरची हाय. तिच्या कडेवरून पोर काढून घेतली मी. मी, निकेशने नाय. तो बसलेला होता कोपऱ्यात मान घालून. मग ती आली परत, तीनदा आली. एकदा मी सांगितलं, पोर उरणला आत्याकडे हाय. एकदा सांगितलं, तिला ताप हाय, झोपलीय. तिसऱ्या वेळी म्हटलं, पोर तुला ओळखत पण नाय, उगाच तमाशा करू नको. आत दिपिका खेळत होती, तिचा आवाज येत होता बाहेर. दोघींनी ऐकला. त्यानंतर नाय आली.

गाव? गावाला सगळं ठाऊक. पण गावात कोणाच्या घरी लग्न निघायचं नाय? मी एकदाच बोलले, गंगाबाईच्या ओटीवर, चार बाया बसलेल्या होत्या — ज्या तोंडातून पोरीला कळेल त्या तोंडाच्या मांडवात माझा धवला नाय. बस. पंधरा वर्षं कोणी बोललं नाय. त्याला म्हणतात सांगणारी. तुमच्या जपान्याला अकरा भाग पुरले नाय.

आता असं बघू नका. तुमचा काय संबंध. तुमी काल आलेल्या, तीन वर्षं झाली तुमाला इथं.

आणि मी गेले होते, मागच्या वर्षी. ओव्याला एक हळद होती, तिथं गायला. सकाळी परत निघताना रिक्षा मुद्दाम त्या रस्त्याने घ्यायला लावली. शिवणाचं दुकान हाय तिचं, ब्लाउज शिवते, बाहेर दोन बाया थांबलेल्या. केस पांढरे झालेत पुढून. दातांनी दोरा तोडते अजून — मी तिला किती बोलायचे त्यावरून, दात झिजतील, कात्री घे. समोरच्या बाजूला उभी राहिले मी. रस्ता काय रुंद नाय तिथं. तिने मान वर केली आणि मला बघितलं आणि ओळखलं. मला वाटलं आता शिव्या देईल, दे, मी खायला तयार होते. ती उठली, दारापर्यंत आली, आणि एवढंच म्हणाली, बरी हाय का ती? मी मान हलवली. ती आत गेली, मशीन सुरू केली.

एवढं पण त्या शेवयावाल्याला सुचलं नसतं.

तर आता तुमी मला सांगा, तुमी शिकलेल्या हाव, मी दिपिकेला काय सांगू. मी दोन दिवस गोष्ट जुळवतेय. एक म्हणते, आयस परदेशी गेली होती. एक म्हणते, तिला बरं नव्हतं, डोक्याचं. त्यात तिचा पण दोष पडत नाय, माझा पण पडत नाय. मला जुळवता येते, बाई, त्यात काय कठीण नाय, मी अशी जुळवीन की आभाळ फाटलं तरी शिवण दिसायची नाय. पोर घरी आली पाहिजे, एवढंच. बाकी मला — काय? माझ्या मागे काय बघता?

अरुंधतीबाई.

कवापासून उभी हाय ती तिथं?

नाय, तुमी काय बोलू नका. तुमी आत जा. पाणी नको, चहा नको, आभाला पण घेऊन जा. घर तुमचं हाय, ठाऊक हाय मला, तरी जा.

दिपे, बस. इथं नको तर तिथं बस. रडलीस का? बरं. हे बघ, पहिल्यापासून सांगते, तुझी आयस — नाय. मी सांगत नाय.

तू विचार.