एकतीस मेपर्यंतचा मास्तर

मला लिहिता येतं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे वाचून चुका दाखवील असं घरी कोणी नाही. रामदास सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. त्या वर्षांत त्यांना पूर्ण पगार मिळत नव्हता हे मला फार उशिरा कळलं. त्यांचं आयुष्य मी मांडावं एवढी माझी योग्यता नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. ते नाशिकजवळ अंबडला ज्या कंपनीच्या गेटवर काम करतात तिथे बसून जसं बोलले, तसंच ठेवलं आहे.

घोटीच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला आमचं गाव. वडील घोटीला भाताच्या गिरणीवर हमाल, पाठीवर पोती वाहायचे, अंगावरचा कोंडा आंघोळ केली तरी जायचा नाय. ते म्हणायचे, रामदास, तुझ्या अंगावर खडूची भुकटी पडू दे, ही नको. म्हणून मी बी.एड. केलं. काय सांगू तुला, वडिलांनी गिरणीवर सगळ्यांना चहा पाजला, पोरगं मास्तर झालं म्हणून.

शाळा मिळाली ती विनाअनुदानित. म्हणजे शाळेला सरकारची मान्यता हाय, पोरं हायत, परीक्षा हाय, फक्त मास्तरांच्या पगाराला अनुदान नाय. संस्थेचे चेअरमन म्हणाले, दोन वर्षं कळ काढा सर, अनुदान आलंच समजा. ती दोन वर्षं काय संपली नाय बघ. लग्नात सासऱ्यांनी गावभर सांगितलं, जावई मास्तर हाय. पहिल्या दिवाळीला मेहुणा विचारतो, दाजी, बोनस किती? मी म्हणलं, अजून पगारच सुरू व्हायचाय. तो पोट धरून हसला, त्याला वाटलं दाजी गंमत करतात. मंगल नाय हसली. मंगल म्हणजे तुझ्या काकू.

शाळा सकाळची होती, ती सुटली की एस.टी. धरून अंबडला, कंपनीत दुपारच्या शिफ्टला, पेट्या भरायच्या आणि उचलून ठेवायच्या. एकदा माझ्या वर्गातल्या पोराचा बाप माझ्याच लाईनवर आला. अहो सर, तुम्ही? म्हणाला. त्या दिवसापासून तो मला पेटी उचलू देईना, सर बाजूला व्हा, सर तुम्ही राहू द्या, आणि सुपरवायझर ओरडायचा, तुझे सर असतील शाळेत, इथं हेल्पर हाय. लय लाज वाटायची, पण त्या माणसाचा जीवही तुटायचा, तो बरा होता.

मग संघटनेत गेलो. लोक म्हणतात, संघटना म्हणजे वर्गणीच्या पावत्या फाडणारी माणसं. असतीलही काही. पण आम्हा बिनपगारी लोकांचं गाऱ्हाणं ऐकून घ्यायला दुसरं होतं कोण? मुंबईला आझाद मैदानावर कितीदा बसलो याचा हिशोबच नाय. मंगल भाकरी-ठेचा बांधून द्यायची. पोलिससुद्धा ओळखायला लागले, या नाशिकवाले, तुमची जागा ठेवलीय, म्हणायचे. बसून बसून वीस टक्के पगार सुरू झाला, मग बऱ्याच वर्षांनी चाळीस. पूर्ण काय होईना. मी तोवर तालुक्याचा सचिव झालो होतो.

आणि मग माझी रिटायरमेंट आली. खरं तर आली नव्हती, दोन वर्षं होती. त्याचं असं झालं, पूर्वी खेड्यात जन्माचा दाखला कुठला? पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी म्हणायचे, हात डोक्यावरून घे आणि पलीकडचा कान धर. कानाला हात लागला की पोरगं सहा वर्षांचं. माझे हात पहिल्यापासून लांब. मी चार वर्षांचा असताना कान धरला, आई म्हणायची, गुरुजींनी शाबासकी दिली आणि दोन वर्षं जास्त लिहून एक जून तारीख टाकली. सगळ्यांचीच एक जून टाकायचे. पुढं दुरुस्तीचा अर्ज केला, तर ऑफिसात म्हणाले, नोकरीला लागल्यावर लगेच करायचा, आता मुदत गेली. त्यामुळं एकतीस मेला मी कागदावर अठ्ठावन्नचा.

त्याच वर्षी, मार्चमध्ये, शेवटचं आंदोलन. सरकारकडून निरोप आला, पूर्ण पगार देतो, पण येत्या एक जूनपासून, आणि त्या दिवशी नोकरीत असतील त्यांनाच. संघटनेच्या अध्यक्षांनी मैदानात सगळ्यांना विचारलं, घ्यायचं का अजून बसायचं? सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण माझी तारीख सगळ्यांना माहीत. आमच्याच शाळेतल्या सुनीता मॅडम, नवरा गेलेला, दोन लेकरं, त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, सर, तुम्ही नाय म्हणा, आम्ही बसतो अजून. अरे, त्यांचे पाय सुजले होते बसून. मी सगळ्यांत आधी हात वर केला. मग सगळ्यांनी केला. अध्यक्ष नंतर म्हणाले, सर, रिटायर होणाऱ्यांसाठी वेगळी फाईल टाकतो, तुमचं काम सोडत नाय.

घरी मी फाईलचं सांगितलं, हाताचं नाय सांगितलं. मंगलला म्हणलं, सरकारचाच नियम हाय. ती रोज विचारायची, आलं का काय? शाळेनं शाल-नारळ दिला, निरोपाचं भाषण झालं, आणि मी इथं गेटवर लागलो. गाड्यांचे नंबर लिहितो, अक्षर चांगलं म्हणून साहेब खूश हायत.

ऑगस्टात सुनीता मॅडम पेढे घेऊन घरी आल्या, पूर्ण पगार झाला होता. वाकून पाया पडल्या आणि मंगलला म्हणाल्या, काकू, त्या दिवशी सरांनी पहिला हात वर केला नसता तर आमच्या कोणाच्या हातून झालं नसतं. त्यांना काय माहीत मी घरी बोललो नव्हतो ते. मंगलनं पेढा देवापुढं ठेवला, चहा केला, मॅडमच्या पोरांची चौकशी केली. त्या गेल्यावर कप विसळता विसळता एवढंच म्हणाली, मी काय नको म्हणले असते? विचारायचं तरी.

त्यानंतर तिनं फाईलचं विचारणं बंद केलं. मी मात्र वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू.

परवा दुपारी अध्यक्षांचा फोन आला. लय वेळ माझ्या तब्येतीचंच विचारत होते, तेव्हाच समजलो. मग म्हणाले, सर, फाईल परत आली. एक जूनला सेवेत नसलेल्यांचा विचार करता येत नाही, असा शेरा हाय. मी म्हणलं, बाकीच्या मास्तरांचं तर झालं ना, सुखात राहू द्या त्यांना. ते म्हणाले, सर, काकूंना मी सांगू का? मी म्हणलं, नको. या वेळी मीच सांगतो.